जुनी गाडी ठेवायची ठरवली आहे? मग कामं या क्रमाने करा

जुन्या गाडीवर लोक पैसे घालतात, पण उलट्या क्रमाने. दिवाळीच्या तोंडावर सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम, मग बंपरला रंग, मग चार नवे टायर. लोअर आर्मचे बुश (पुढच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याचे रबरी जोड) आधीच गेलेले असतात, त्यामुळे ते नवे टायर वर्षाच्या आत आतल्या बाजूने झिजतात. ब्रेक ऑईल गाडी घेतल्यापासून कुणी बदललेलं नसतं. आरसीची मुदत संपून चार महिने झालेत, हे हायवेवर कागद मागितल्यावर कळतं. शेवटी ‘गाडीनं लई पैसे खाल्ले’ म्हणत ती पडेल किमतीला विकली जाते आणि घरात पाच-सात वर्षांचा हप्ता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर हा मोह आणखी वाढला आहे.

हा लेख कोल्हापूर परिसरातल्या, खासगी नोंदणीच्या, दहा ते अठरा वर्षं वयाच्या गाडीसाठी आहे. रोज ऑफिस, शाळा, बाजार आणि अधूनमधून पन्हाळा, गगनबावडा नाहीतर आंबा घाट, असा जिचा वापर आहे ती. क्रम असा: आधी कागद, मग तपासणी, मग हिशेब आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा. एक पायरी गाळली की पुढच्या पायरीवरचे पैसे वाया जातात.

## टप्पा १: आधी आरसी, मग गॅरेज

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हे वाक्य कोल्हापुरात रोज कुणीतरी कुणालातरी सांगत असतं. ते खासगी गाडीला लागू नाही. वयावरून गाड्या बंद करण्याचे नियम दिल्ली परिसरातले आहेत. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे, तोही वेगळा. महाराष्ट्रात खासगी कारची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि गाडी तपासणीत पास झाली की पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते.

आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख बघा. स्मार्ट कार्ड पुसट झालं असेल तर एमपरिवहन ॲपवर दिसेल. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. अर्जाचा नमुना २५ नंबरचा. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे आणि वीस वर्षांपुढच्या कारला २०२५ च्या नियमाने १०,००० रुपये. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये वाढत जातात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. ऑनलाइन अर्ज भरताना तुमच्या गाडीची रक्कम समोर येते. एजंटनं सांगितलेल्या आकड्याशी ती ताडून बघा.

इथेही क्रम महत्त्वाचा आहे. नूतनीकरणाचा अर्ज सगळ्यात शेवटी करायचा. त्याआधी पुढची कामं ओळीनं उरकून घ्या:

१. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना? ओटीपी त्याच नंबरवर येतो. दहा वर्षांपूर्वी शोरूमवाल्यानं टाकलेला नंबर आज बंद असण्याची शक्यता मोठी.

२. कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवला आहे का? हप्ते संपले म्हणजे आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा ३५ नंबरचा फॉर्म घेऊन ते काढावं लागतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर या एका कागदालाच महिना जातो, म्हणून हे आधी.

३. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवा. नोंदणी परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बनावट साइटवर पैसे गेलेले लोक आहेत.

४. थकलेली ई-चलनं भरा. पुण्याच्या रस्त्यावर कॅमेऱ्यानं टिपलेलं जुनं चलन तुम्हाला माहीतही नसेल.

५. विमा आणि पीयूसी चालू ठेवा. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिनेच.

६. गॅस किट बसवलेलं असेल, रंग बदलला असेल किंवा इंजिन बदललं असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. ती संपली असेल तर तपासणीला जाऊन उपयोग नाही.

सावध राहा: विमा संपून नव्वद दिवस उलटले की आजवर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. हा बोनस पन्नास टक्क्यांपर्यंत असतो. जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे असं तुम्ही ठरवू शकता, पण ते विचार करून ठरवा. तारीख विसरली म्हणून तशी पाळी येऊ देऊ नका.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर, सीटबेल्ट बघतात आणि चेसिस नंबर ताडतात. जुन्या गाडीचं घोडं बऱ्याचदा या चेसिस नंबरवर अडतं, कारण त्यावर गंज आणि चिखलाचा थर बसलेला असतो. आदल्या दिवशी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासा. ग्राइंडर, सँडपेपर, वायर ब्रश यातलं काहीही लावू नका. एक आकडा पुसट झाला तरी गाडीच्या ओळखीवर शंका येते आणि ते निस्तरणं गाडी दुरुस्त करण्यापेक्षा अवघड आहे.

## टप्पा २: थंड इंजिनावर तपासणी

ज्याला तुमची गाडी विकत घ्यायची नाही आणि तुम्हाला दुसरी विकायचीही नाही, अशा मिस्त्रीकडे जा. तपासणीचे पैसे वेगळे देईन, काम आज करायचं नाही, एवढं आधीच सांगा. हे सांगितलं की मिस्त्री निवांत बघतो आणि तुम्हालाही यादी घरी नेऊन विचार करता येतो.

शक्य झालं तर गाडी रात्रीच त्याच्याकडे लावा, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड असेल. गरम गाडी खूप काही लपवते.

इंजिन सुरू करण्याआधी. ऑईलची पट्टी काढून पुसा, परत घालून काढा. ऑईल काळं असणं ठीक आहे, दुधाळ असणं ठीक नाही. मग ऑईल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. पावसाळ्यात राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच अंतर चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला पातळ पांढरट थर जमतो. इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ तिथं थिजते. त्यावरून लगेच ‘हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं’ म्हणून इंजिन उघडू देऊ नका. पट्टीवरचं ऑईलही दुधाळ आहे आणि कूलंटही कमी होतंय, या दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या तरच तो संशय खरा धरायचा. रेडिएटरचं झाकण मात्र याच वेळी, थंड असतानाच उघडायचं. आत गंजाचं तांबडं पाणी दिसलं तर कूलंटऐवजी नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं गेलंय हे समजा.

सुरू करताना. कुणालातरी चावी फिरवायला सांगा आणि स्वतः सायलेन्सरमागे उभे राहा. पहिल्या क्षणी निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर थंडीत काही सेकंद दिसतोच, पण इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर कूलंट आत जातंय. काळा धूर असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. इंजिन चांगलं वाटलं तरी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बघायचा. तीन सारखे आणि एक बराच कमी असेल तर त्या एकाचं कारण कळेपर्यंत पुढचा खर्च थांबवा.

गाडी वर घेऊन. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि निर्णय खरं तर इथेच होतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दरवाजाखालच्या पट्ट्यावर, मागच्या ॲक्सलच्या जोडावर आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावरच्या पत्र्यावर ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द. वरून ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर तिथं जास्त बारकाईनं ठोका.

मग स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे बॅटरी मारा. ॲक्सलच्या टोकाला घड्या असलेलं काळं रबरी बूट दिसेल. घड्यांच्या खोबणीत बोट फिरवून बघा, कारण भेग तिथंच पडते आणि लांबून दिसत नाही. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे असतील तर बूट फाटून बरेच दिवस झालेत. फक्त बूट वेळेत बदललं तर काम शेकड्यांत निघतं. चिखल-पाणी आत गेलं आणि पूर्ण वळणावर टकटक सुरू झाली की जॉइंट बदलावा लागतो आणि खर्च हजारांत जातो.

रस्त्यावर. कोल्हापूरकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. वाघबीळ चढून पन्हाळ्यावर जा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच सरकतोय. एसी चालू ठेवूनच चढा आणि तापमानाचा काटा बघत राहा. उतरताना गिअरमध्येच पाय काढून या आणि खाली आल्यावर एकदम ॲक्सिलरेटर द्या. त्या क्षणी मागे निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. ते काम मोठं दिसतं, पण त्यानं इंजिन मरत नाही. उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतो का, पेडल थरथरतं का, हेही लगेच लिहून ठेवा.

तपासा: मिस्त्रीकडून परतताना हातात तीन याद्या हव्यात: लगेच, तीन महिन्यांत, सवडीनं. सगळं एकाच यादीत असेल तर परत बसून वेगळं करायला सांगा.

## टप्पा ३: हिशेब, पण बरोबर आकड्याशी

नेहमीची चूक अशी: “गाडीची किंमत दीड लाख आणि दुरुस्ती साठ हजार? कशाला घालायचे?” मिस्त्रीही म्हणतो, “एवढं घालण्यापेक्षा नवीन घ्या की मालक.” पण तुम्ही गाडी विकणार नाही आहात, त्यामुळे तिची बाजारातली किंमत इथं कामाची नाही. दुरुस्तीचा खर्च मांडायचा तो दुसऱ्या गाडीवर पुढच्या दोन वर्षांत जे जाणार आहे त्याच्यासमोर.

उदाहरण घेऊ. साडेसहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साधारण १३,५०० रुपये. वर्षाला एक लाख ६२ हजार. यात सुरुवातीचे रोख पैसे आणि नव्या गाडीचा मोठा विमा नाही. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के रस्ता कर आहे.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडा. जुनी गाडी लिटरला १४ देते, नवी २० देईल आणि वर्षाला ८,००० किलोमीटर फिरणं आहे असं धरू. जुनीला सुमारे ५७१ लिटर, नवीला ४०० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक अठरा हजारांचा. म्हणजे ॲव्हरेजसाठी नवी गाडी घ्यायची हे कारण या वापराला टिकत नाही. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर असतील तर याच गणितात फरक छप्पन हजारांवर जातो आणि उत्तर वेगळं येऊ शकतं. आपले आकडे घालून बघा, दुसऱ्याचे नकोत.

पुढचं काही सापडलं तर मात्र हिशेब करत बसू नका, थांबा:

- शॉकॲब्सॉर्बरचा माथा, ॲक्सलचे जोड किंवा चेसिसचा मुख्य भाग सडलेला. वेल्डिंगनं पत्रा जोडला जातो, पण अपघातात तो पहिल्यासारखा धक्का सोसेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.
- २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली गाडी. पुढच्या सीटचे बोल्ट आणि कार्पेटखालचा पत्रा बघितला की कळतं. वायरिंगच्या जोडांतली बुरशी वर्षानुवर्षं छळते.
- इंजिन उघडायचं काम आणि गिअरबॉक्सचं काम एकाच वेळी.

आणखी एक गोष्ट पैशात बसत नाही, तरी ती हिशेबात घ्यायलाच हवी. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी आलं. २०१० ची बेसिक मॉडेलची गाडी या दोन्हींशिवाय आहे आणि कुठलाही मिस्त्री ती बसवून देऊ शकत नाही. गाडी शहरात आणि गावापर्यंत फिरत असेल तर मी ती ठेवीन. मुलाबाळांना घेऊन दर आठवड्याला पुणे-बेंगळुरू हायवेवर जायचं असेल तर ठेवणार नाही, इंजिन कितीही चांगलं असलं तरी.

## टप्पा ४: थांबणं आणि थंड राहणं

‘लगेच’च्या यादीत ब्रेक, स्टिअरिंग आणि कूलिंग याशिवाय काहीही आधी नको.

ब्रेक. पॅड आणि लायनर सगळे बघतात, ब्रेक ऑईल कुणी बघत नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. ओलावा मुरलेलं ऑईल घाट उतरताना तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांतून जुनं काढून नवं येईपर्यंत ब्लीड करायला सांगा. चाकांजवळचे रबरी ब्रेक होज वाकवून बघा, भेगा दिसल्या तर तेही बदला.

सस्पेन्शन, मग अलाइनमेंट, मग टायर. ही ओळ मोडू नका. आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. मग व्हील अलाइनमेंट. टायर त्यानंतर. टायरची नक्षी दिसते म्हणून वय विसरू नका. टायरच्या बाजूवर DOT (डॉट) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर कडेच्या भेगा दरवर्षी तपासा. स्टेपनीचं वयही बघा, ती बहुतेक वेळा मूळ गाडीबरोबर आलेलीच असते.

कूलिंग. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एक जुनी सवय आहे. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा आणि पंखा थेट बटणावर जोडायचा. तापणं थांबल्यासारखं वाटतं, पण आता इंजिन कधीच योग्य तापमानाला येत नाही. पेट्रोल जास्त लागतं, ऑईल लवकर खराब होतं आणि इंजिनाची झीज वाढते. पंख्याचं बटण एखाद्या दिवशी विसरलं की हेड वाकतं. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे स्पष्ट विचारा. नसेल तर नवा बसवा, पंखा मूळ वायरिंगवर आणा. रेडिएटर आतून साफ करून घ्या, वरचा-खालचा होज दाबून बघा. फुगलेला किंवा पिचपिचीत लागला तर बदला. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

तपासा: काम झाल्यावर एसी लावून गाडी वीस मिनिटं उभ्यानं चालू ठेवा. पंखा आपोआप लागला पाहिजे आणि आपोआप बंद झाला पाहिजे. तसं झाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

## टप्पा ५: पट्टा, रबर, वायर

इंजिनाच्या पोटात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मालकाला माहीतच असलं पाहिजे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन आहे, जुन्या अल्टोच्या ८०० सीसी इंजिनात बेल्ट. जुन्या सँट्रोत आणि डिझेल इंडिकात बेल्ट. बेल्ट किलोमीटरवर तर बदलायचाच, पण वर्षांवरही बदलायचा. कमी चालली म्हणून दहा वर्षांचा बेल्ट चांगला राहत नाही. डिझेल गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडच उघडावं लागतं. बेल्ट आधी कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. ज्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तिथं पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोबतच बदला. मजुरी एकदाच लागते.

मग इंधनाचं रबर. पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. गाडी लगेच बंद पडत नाही. ॲव्हरेज थोडं घटतं आणि जुने रबरी पाइप, ओ-रिंग, गॅस्केट लवकर कडक किंवा मऊ पडतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी इंधन पाइप दर सर्व्हिसला बोटानं दाबून बघा. पेट्रोलचा वास आला तर ‘बघू नंतर’ म्हणू नका, त्याच दिवशी गॅरेज गाठा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर थोड्याशा पेट्रोलवर सोडण्यापेक्षा टाकी भरून ठेवा. हवा कमी राहिली की ओलावाही कमी शिरतो.

बॅटरी मल्टिमीटरनं मोजा. रात्रभर उभ्या गाडीची १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू गाडीत हा आकडा येत नसेल तर नवी बॅटरी घालूनही तीच रड राहणार. आधी अल्टरनेटर आणि अर्थिंगचे जोड बघा.

### उद्यमनगरचा उपयोग कुठे करायचा, कुठे नाही

जुन्या गाडीच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत, कारण शिवाजी उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत हाताशी आहे. हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, बोअरिंग, व्हॉल्व्ह सीट बसवणं, तुटलेला स्टड काढणं, ब्रॅकेट किंवा बुश लेथवर करून घेणं: दुसऱ्या गावात ज्यासाठी अख्खा भाग बदलतात ते इथं दुरुस्त होतं. हेड पाठवताना ते वाकलंय का आणि तडा आहे का, दोन्ही तपासायला सांगा. मिस्त्रीनं नुसतं ‘फेसिंग करून आणलं’ म्हटलं तर तडा तपासला का ते विचारा.

स्टिअरिंगचा कुठलाही भाग, ब्रेकचा कुठलाही भाग आणि चाकाचं बेअरिंग मात्र लेथवर ‘बसवून’ घेऊ नका. ते नवंच घ्या, बिलासकट घ्या. सगळ्या कामांत जुना काढलेला भाग परत मागा. तो हातात आला की खरंच बदलला का आणि का बदलला, दोन्ही कळतं.

## टप्पा ६: मे महिन्याची आठ दिवसांची तयारी

इथला पाऊस गाडीचं वय वाढवतो. गगनबावडा, राधानगरीकडे जाणं-येणं असेल तर जास्तच. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हे झालं पाहिजे.

बोनेट उघडून काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा हातानं काढा. तिथलं पाणी वाहून जायला वाट राहिली नाही की ते केबिनमध्ये उतरतं आणि पुढच्या पायदाणाखाली साठतं. दरवाजांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, त्यातून पातळ प्लॅस्टिकची पट्टी फिरवा. धातूची तार नको, रंग खरवडला की गंज तिथूनच धरतो. गाडी खालून धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून मगच अंडरकोट मारा. ओल्या पत्र्यावर मारलेला अंडरकोट पाणी आत कोंडतो. पूर्ण पावसाळा जाड कव्हर घालून उभी ठेवलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते, याच कारणानं.

पूररेषेत राहत असाल तर नियम आधीच ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ ची बातमी आली की गाडी उंचावर न्यायची, ४३ ची वाट बघायची नाही. त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि पाहुण्यांच्या दारात जागाही मिळते.

सावध राहा: गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका, ‘चालू होते का बघू’ म्हणूनही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या.

पाऊस संपला की ऊसतोड सुरू होते आणि नव्या दोन गोष्टी येतात. शेताच्या कडेला लावलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा बोनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेलं इन्सुलेशन बघा. दुसरं, रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. जुन्या गाडीच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटमध्ये त्या दिसायला उशीर होतो. काच पॉलिश करून घ्या आणि बल्ब दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला.

## टप्पा ७: वही आणि वेगळं खातं

दोनशे पानी वही घ्या. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचा भाग, किती रुपये. बिलं मागच्या पानाला स्टेपल करा. मिस्त्री बदलला तरी वही तुमच्याकडे राहते. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑईल वर्षातून एकदा बदलायचंच, दहा हजार झाले नसले तरी. कूलंट, ब्रेक ऑईल, बेल्ट यांच्या पुढच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

नव्या गाडीचा हप्ता वाचला म्हणजे सगळे पैसे सुटले असं नाही. महिन्याला तीन-चार हजार रुपये आवर्ती ठेवीत टाका. क्लच, बेल्ट, टायर यांचं काम निघेल तेव्हा ते तिथूनच करा. असं न केल्यामुळेच मोठं बिल आल्यावर गाडी रागानं विकली जाते. ‘सवडीनं’च्या यादीतले रंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमही याच खात्यातून, वर्षअखेर शिल्लक राहिली तर.

## गाडी सोडायची वेळ आली तर

वहीतली शेवटची दोन वर्षं बघा. तोच भाग पुन्हा पुन्हा जातोय, सुटे भाग मिळेनासे झालेत किंवा पत्रा सडत वर चढतोय, यातलं काही दिसलं तर पुढच्या नूतनीकरणाचे पैसे भरू नका.

विकत असाल तर २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून कागद एजंटकडे सोपवून मोकळे होऊ नका. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तारीख-वेळ लिहिलेली ताबा पावती आणि फॉर्मच्या प्रती ठेवा. आरसीवर नवं नाव चढलेलं ऑनलाइन दिसेपर्यंत अपघाताची आणि चलनाची नोटीस तुमच्याच दारात येते. भंगारात द्यायची असेल तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथं मिळणारं ठेव प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलतीसाठी लागतं. त्याच वेळी आरटीओकडे नोंदणी रद्द करून घ्या, आणि विम्याचे जेवढे महिने शिल्लक असतील त्यांच्या परताव्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करा.